हात ज्याचा त्याचा

घंटा वाजली नाही.

गोपिकाने चाचणीचा छोटा हातपंप पुन्हा दाबला. टेबलावरच्या दाबमापकाचा काटा शंभर ओलांडून एकशेवीसवर गेला. पडद्यावरचा आकडाही इमानदारीत एकशेवीस झाला. मर्यादा शंभराची ठेवलेली. म्हणजे घंटेने एव्हाना कार्यालय डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण घंटा मुकी ती मुकीच.

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. नागपुरातली ही तीन खोल्यांची कंपनी कारखान्यांना कॉम्प्युटर बसवून द्यायची. कळमेश्वरच्या एका कारखान्यात बॉयलरवर लक्ष ठेवणारं जुनं यंत्र काढून सोमवारी नवं बसवायचं होतं, आणि आज शनिवार उजाडला होता. त्या बॉयलरवर सकाळच्या पाळीला फायरमन कोण, तर गोपिकाचे बाबा, नत्थूजी.

नत्थूजी मूळचे विणकर. तीस वर्षं बारीक सुतावर डोळे फोडले, मग माग बंद पडला आणि हातात फावडं आलं. आता त्यांना दहा पावलांवरचा काटा दिसत नसे. हे कुणालाच माहीत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. जुन्या यंत्राची घंटा दोन वर्षं त्यांचा डोळा झाली होती. ती वाजली की ते दांडा ओढून भट्टीची हवा बंद करत. कारखान्याचा साहेब खूश होता, नत्थूजी खूश होते आणि गोपिका गप्प होती.

"प्रोग्राम तुझा, घंटी तुझी," गिरिधर सर संत्रं सोलता सोलता म्हणाले. सर काटोलचे. घरची बाग, त्यामुळे त्यांच्या टेबलावर फ्लॉप्या कमी आणि संत्र्याची सालं जास्त. मापकाचा आकडा यंत्रात आणणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यांनी लिहिलेला. "माझा ड्रायव्हर तं बराबर आकडा देऊन राहिला. पडद्यावर पाह्य ना."

"पण सर, मी प्रोग्रामले हातच नाही लावला. जुना होता तसाच फ्लॉपीवरून आणला."

"अन् मी बी ड्रायव्हरचं एक अक्षर बदललं नाही. नव्या यंत्रावर फक्त नव्यानं कंपाइल केला, त्याच्या भाषेत उतरवला."

दोघंही खरं बोलत होते. दोघं खरं बोलत असताना काम बिघडतं, तेव्हा माणसाने खरं म्हणजे घाबरायला हवं.

गोपिकाला या यंत्राचं पहिल्यापासून अप्रूप वाटत आलेलं. त्याच्या अगदी आत, गाभाऱ्यात, कर्नेल नावाचा कारभार. बाहेरच्या प्रोग्रामाला बॉयलरला शिवायची मुभा नाही. त्याने आपली जागा दाखवायची आणि म्हणायचं, दाब किती ते इथं ठेव. मग आतला ड्रायव्हर बॉयलरचा आकडा आणून नेमका त्या जागी ठेवणार. सेकंदाला दहा वेळा असा आकडा उंबरा ओलांडून येतो, आणि दोघं एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. एवढ्या भरवशावर तर घरातली माणसंही राहत नाहीत!

रविवारी दुपारी सक्करदऱ्याच्या घरी ताट समोर होतं आणि गोपिका भाकरीचा एकच तुकडा कधीची चिवडत होती.

"काहून वं, जेवत काहून नाही?" नत्थूजींनी विचारलं.

तिने घंटेचं सांगितलं. नत्थूजींचा घास क्षणभर हातात राहिला.

"नाही वाजली तं नाही," ते म्हणाले. "मी पाहीन ना काट्याकडे. डोळे कशाले हायेत?"

गोपिकाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. ती घाईघाईने दुसरंच बोलू लागली. "माह्या अन् सरांच्या, दोघाईच्या कागदावर एकच शब्द लिहिला हाये, बाबा. इंट. म्हणजे आकडा ठेवायची जागा."

"केवढी जागा?"

"ते लिहिलेलं नसते. ज्या यंत्राची जेवढी असंन तेवढी."

नत्थूजी मोठ्याने हसले. "म्हणजे एवढे शिकलेले लोक हातानं मोजून राहिले का गा!"

आणि त्यांनी धोंडबाची गोष्ट काढली. गल्लीत ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, भरून द्यायची त्याची माय प्रयागबाई. सांगितलं वीस हात, की दिला वीस हात. कधी चूक नाही. एकदा म्हातारी आजारी पडली आणि ताणा धोंडबाने भरला. धोंडबा सहा फुटी.

"त्यानं बी वीसच हात भरला. खोटं नाही बोलला बिचारा. पण त्याचा हात केवढा! ताणा माह्या मागाच्या दांड्यावर मावेच ना. उरलेलं सूत बाजूच्या मागावरच्या लुगड्यात जाऊन गुतलं. माहं लुगडं मस्त झालं, अन् खराब झालं ते शेजारचं. माहं मी पाहत बसलो, मले काही चूकच दिसे ना."

गोपिका पुढे सरकली.

"मंग?"

"मंग काय? तवापासून ताण्यासंगं काठी पाठवाची." नत्थूजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्याला ती खाचा पाडलेली बांबूची काठी अजून टांगलेली होती. "हात ज्याचा त्याचा. काठी साऱ्याईची."

ताट तसंच टाकून ती उठली. "अवं, जेवून तं जा!" हे नत्थूजी म्हणेपर्यंत सायकल सक्करदऱ्याच्या तळ्यापाशी पोचली होती.

गिरिधर सर कार्यालयातच होते. सोमवार त्यांनाही खात होता. गोपिकाने काही न सांगता पंपाने दाब ऐंशीवर आणला आणि प्रोग्रामाच्या स्मृतीचा तेवढाच तुकडा पडद्यावर उघडला. दाबाची जागा दोन बाइटांची. तिला खेटून घंटेची मर्यादा, तीही दोन बाइटांची. मर्यादेत शंभर, जागच्या जागी.

"आता एकदाच दाब मागते," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

दाबाच्या जागी ऐंशी आलं, अगदी बरोबर. आणि शेजारच्या शंभराचं शून्य झालं.

जुन्या यंत्रावर इंट दोन बाइटांचा होता. तिथला प्रोग्राम अजूनही दोन बाइटांचीच जागा दाखवत होता. नव्या यंत्राच्या कर्नेलचा इंट मात्र चार बाइटांचा, म्हणजे धोंडबाचा हात. ड्रायव्हरने इमानाने चारही बाइट ओतले. पहिल्या दोनांत दाब मावला, उरलेली दोन शून्यं शेजारच्या मर्यादेवर जाऊन पडली. आणि मर्यादा शून्य म्हणजे घंटा बंद, ही सोय बॉयलर धुवायच्या दिवसासाठी खुद्द गोपिकानेच केलेली! कुणी खोटं बोललं नव्हतं. सेकंदाला दहा वेळा, बिनचूक, बिनआवाज, कर्नेल तिच्या बापाची घंटा पुसत होता.

सर संत्र्याची फोड टाकून पडद्यावर वाकले. "बापरे," ते हळूच म्हणाले. "अन् पडद्यावरचा आकडा बरोबर! जनमभर सापडलं नसतं, पोरी."

संध्याकाळपर्यंत दोघांनी एकच फाइल लिहिली, दोघांच्या मधली. तिच्यात मोघम इंट एकही नाही. प्रत्येक आकड्यापुढे त्याची रुंदी लिहिलेली, हा सोळा बिटांचा म्हणजे दोन बाइट, हा बत्तीस बिटांचा म्हणजे चार, यंत्र कोणतंही असो. ड्रायव्हर तिच्यावरूनच कंपाइल करायचा आणि प्रोग्रामही तिच्यावरूनच. फाइलचं नाव गोपिकाने ठेवलं 'काठी'. सरांनी कारण विचारलं, तेव्हा तिने धोंडबाची गोष्ट सांगितली. सर डब्यातलं सगळ्यांत मोठं संत्रं काढून म्हणाले, "हे तुह्या बाबाले दे."

सोमवारी कळमेश्वरला यंत्र बसलं. बॉयलरखाली कोळसा धगधगत होता. साहेब पडद्यापाशी, गिरिधर सर साहेबापाशी. नत्थूजी फावडं टेकवून उभे होते आणि मापकाकडे मान वर करून अशा थाटात बघत होते, जणू एकेक रेघ मोजत आहेत. गोपिका त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. काटा तिला स्वच्छ दिसत होता. नव्वद. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. पडद्यावरही तेच. पण पडदा तर शनिवारीही बरोबरच होता. तिचा हात आपसूक भट्टीच्या दांड्यावर गेला.

आणि घंटा वाजली. अशी वाजली की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला.

नत्थूजींचा हात न बघता दांड्याकडे झेपावला आणि गोपिकाच्या हातावर पडला. दोघांनी मिळून दांडा ओढला. काटा थबकला, मग सावकाश मागे फिरला.

नत्थूजींनी हात उचलला नाही. पोरीचा हात तिथे आधीपासून का होता, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"कवापासून माहीत हाये तुले?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाले, बाबा."

घंटा अजून खणखणत होती. नत्थूजींनी ती नीट ऐकून घेतली.

"काढ आता हात," ते म्हणाले. "वाजून राहिली ना."