मनोऱ्यात दिवा होता

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. करडा रंग, पंजाएवढा आकार, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. हल्ली माझा मुक्काम बटणांच्या पत्र्याच्या डब्यात असतो. बढाई मारावी असं माझ्याजवळ काही नाही. मनात एक सल आहे, तेवढा सांगते, मग तुम्ही जा खेळायला.

मला एका बाईंनी लिहिलं. हो, लिहिलंच! खेळसुद्धा आधी लिहावा लागतो. माझ्यात एकवीस खोल्या आहेत. प्रत्येक खोलीतला विझलेला दिवा शोधून पेटवायचा आणि शेवटी समुद्रातल्या मनोऱ्यात शिरायचं. वाटेत जितके दिवे लावाल तितका मनोरा उजळतो. बाईंना तो मनोरा तपासायचा असला की दर वेळी दीड तास खेळून तिथवर जावं लागे. वैतागून त्यांनी माझ्यात एक चोरवाट पाडली. ठरावीक दोन बटणं दाबून धरत मला चालू केलं की खोल्यांची यादी समोर येई, आणि हव्या त्या खोलीत थेट उडी मारता येई. फक्त अशा उडीत गाठीला एकही दिवा नसे, त्यामुळे मनोरा काळाकुट्ट दिसे. बाईंना त्याचं काही नव्हतं, त्यांना नुसत्या भिंती तपासायच्या होत्या.

"ती वाट आता काढून टाका हं," त्यांचे साहेब म्हणाले.

"काढायला गेलं की दुसरंच काहीतरी मोडतंय, साहेब. आणि उद्या तर माल कारखान्यात जायचाय. राहू दे, कोणाला सापडतेय!"

त्या काळ्या मनोऱ्यात निदान 'हा खरा शेवट नव्हे' एवढी ओळ टाकावी, असं बाईंच्या मनात आलं होतं. पण माझ्या पोटात ती एक ओळ मावायलाही जागा उरली नव्हती. त्या ओळीची मला अजून हळहळ वाटते.

दुकानातून मी एका घरी आले. आणली होती भिंगरीसाठी. भिंगरी म्हणजे त्या घरातली मुलगी, पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची म्हणून हे नाव. तिला माझा चार दिवसांत कंटाळा आला आणि माझ्या नादी लागली तिची आत्या!

आत्या शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत टीव्ही. रविवारी दुपारी हातातलं काम बाजूला सारून ती गळ्यातल्या टेपसकट माझ्यापुढे बसायची. वटवाघूळ अंगावर आलं की म्हणायची, "अरे मेल्या, पुन्हा आलास?" माझ्यात खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. बंद केलं की पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात. आत्याने त्यावर तोड काढली. कापड बेतायच्या खाकी कागदावर शिवणाच्या खडूने तिने खोल्यांचे नकाशे काढले, दिव्याच्या जागी फुली मारली. दोन वर्षांत सतरा खोल्या झाल्या. इतक्या जिव्हाळ्याने मला कोणी खेळलं नाही, मित्रांनो. मी फुशारून गेले होते.

मग आत्याला सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, उशिरा कळलाय, फार दिवस दिसणार नाही. भिंगरीने ते दाराआडून ऐकलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती. आत्याला मनोरा दिसायलाच हवा, तोही लवकर, या एकाच गोष्टीने तिला घेरलं.

व्हिडिओ गेम दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी तिला सांगितलं होतं, की जुन्या खेळांत बनवणारे आपल्यापुरती छुपी दारं ठेवतात. झालं! शाळेतून आली की ती माझ्यापुढे ठाण मांडी. ही दोन बटणं, ती दोन बटणं, चालू कर, बंद कर. जे जे करून पाहिलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी. नवव्या दिवशी माझं कुलूप उघडलं. खरं सांगते, तेव्हा मलाही आनंद झाला. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला पुरतं ओळखलं होतं.

"आत्या, ये लवकर! तुला शेवट दाखवते."

"अगं थांब. माझे चार दिवे राहिलेत."

"चारच तर आहेत, बघ ना!" म्हणत तिने बटण दाबलं.

काळा मनोरा, काळं पाणी. ना सूर, ना उजेड. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे? आत्याने डोळे पडद्याजवळ नेले.

"एवढंच होय?" ती म्हणाली. "बरं झालं बाई, वेळ तरी वाचला."

तिने नकाशांची गुंडाळी केली. त्यानंतर तिने मला हात लावला नाही. मी बटणांच्या डब्यात गेले आणि तिथेच राहिले.

मधे बरीच वर्षं गेली. एके दिवशी डब्याचं झाकण उघडलं. नोकरी करणारी, चष्मा लावलेली भिंगरी होती. जुन्या खेळांच्या चोरवाटांची यादी कोणीतरी इंटरनेटवर टाकली होती, त्यात माझंही नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'या वाटेने गेलात तर मनोरा अंधारा दिसतो. खरा शेवट वेगळा आहे.' आत्याला हे वाचून दाखवून तिने मला पुन्हा टीव्हीपुढे आणलं.

आत्याला आता सावल्यासुद्धा दिसत नव्हत्या. पण नकाशे तिला पाठ होते. "नवव्या खोलीत डावीकडे जाऊ नकोस हं, खड्डा आहे," ती शेजारी बसून सांगायची. शेवटच्या चार खोल्या भिंगरीने खडूने स्वतः काढल्या. पाचव्या रविवारी एकविसावा दिवा लागला. मनोऱ्याच्या टोकावरून पिवळा उजेड पाण्यावर फिरला आणि मागच्या सगळ्या खोल्यांच्या खिडक्या एकेक करून उजळल्या.

"लागला?"

"लागला गं, आत्या."

"कसा दिसतो, सांग. घाई करू नकोस."

भिंगरीने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी थांबायला हवं होतं."

"हो गं. थांबायला हवं होतंस," आत्या म्हणाली. "अठरावी खोली मला काढायची होती." थोड्या वेळाने तिने विचारलं, "खिडक्यांना पडदे आहेत का?"

"नाहीत."

आत्या हसली. तिचं तोंड टीव्हीकडे नव्हतं, शेजारच्या कपाटाकडे होतं. भिंगरीने ते वळवलं नाही.

मित्रांनो, चोरवाटा खुशाल शोधा. त्या शोधणाऱ्यांवर माझा राग नाही, भिंगरीवर तर मुळीच नाही. पण तुमच्या शेजारी बसून कोणी म्हणत असेल, "थांब, माझे चार दिवे राहिलेत," तर तेवढं बटणावरचं बोट उचला.