नव्या बाटलीचे पहिले आठ दिवस

१९७९ साली बी.एस्सी. झाल्यावर मला आष्टीत डॉ. कृष्णकांत यांच्या दवाखान्यात रजिस्टर लिहिण्याचं काम मिळालं. दिलेल्या औषधाचं घरी गेल्यावर नेमकं काय होतं, याचा डॉक्टरसाहेब अभ्यास करत होते. मेडिकल कॉलेजातून शिकाऊ डॉक्टर तीन-तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे येत. रजिस्टरचा शेवटचा रकाना होता ‘पेशंट काय म्हणतो’. त्यात पेशंटचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, सुधारायचं नाही, अशी सक्त सूचना होती. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आलेले डॉ. केशव यांना हा रकाना म्हणजे शाईची नासाडी वाटायची. खरं सांगायचं तर मलाही.

जूनच्या मध्यावर भागीरथा तिच्या मुलीला, इंदूला घेऊन आली. इंदू नऊ वर्षांची. तिला मिरगीचे झटके येत. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून पातळ औषध चालू होतं, सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा. एक बाटली वीस दिवस पुरायची. सात बाटल्या संपल्या, आठवी उघडून सहाच दिवस झाले होते आणि तेवढ्यात दोन झटके येऊन गेले होते. सव्वीस तारखेला शाळा उघडणार होती. वर्गात पुन्हा पडली तर पोरीला घरीच ठेवा, असं हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं.

केशव यांनी डोस दुप्पट केल्याची चिठ्ठी लिहिली. भागीरथा नाही म्हणाली. ती तर औषध बंदच करायचं ठरवून आली होती.

“नवी बाटली बाधते पोरीले. उघडली का झटके येते. सरत आली का दारू पेल्यावानी झुलते.”

मी लिहायला लागले तशी ती माझ्याकडे वळली. “लिहून घे बाई. कोर्टात गवाह लागली तं मलेच बलावजो.”

केशव हसले. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी घेऊन टेबलावर पालथी ठेवली आणि मला इंदूची मागची पानं काढायला सांगितली.

माझ्याकडे कॉलेजचे आलेखाचे कागद उरले होते. आडव्या रेषेवर बाटलीचे वीस दिवस घेतले. सात बाटल्यांच्या सात ओळी. झटका आला तिथे लाल फुली, झोक गेला तिथे निळा ठिपका. भागीरथेला तारखा ठाऊक नव्हत्या, पण बाजाराचा आदला दिवस, एकादशी, मावशी आली ती सांज, असं सगळं तिच्या ध्यानात होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधून तारखा काढत गेले.

अकरा फुल्या झाल्या. त्यातल्या दहा पहिल्या आठ दिवसांत. निळे ठिपके सगळे शेवटच्या तीन-चार दिवसांत. मधला पट्टा जवळजवळ कोरा. प्रयोगशाळेत मी पुष्कळ आलेख काढले होते, पण काय येणार ते तिथे आधीच माहीत असायचं. इथे एका पोरीचं शरीर पाच महिने, दिवस न चुकवता, तपकिरी बाटलीच्या मागे चाललं होतं. माझा हात कागदावरून उठेना.

“औषध रोज पोटात जातंय,” डॉक्टरसाहेब केशव यांना म्हणाले. “मग बाटलीत काय बदलतं?”

डॉक्टरसाहेबांनी भागीरथेला तिथेच एक डोस काढून दाखवायला सांगितलं. तिने फडक्यातून बाटली काढली, दोन्ही हातांत धरून हळूच तिरपी केली आणि चमच्यात ओतलं. पाण्यासारखं पातळ.

“बाटली हलवत नाही?” केशव यांनी विचारलं.

“हलोवाची काऊन? पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, गाळ बसू देतो, वरचं वरचं पेतो. लेकराले गाळ कोणी पाजते का?”

शेवटी शेवटी औषध दाट यायचं. पण औषध टाकू नका, असं दवाखान्यातच सांगितलेलं, म्हणून ती तेही पाजत होती.

डॉक्टरसाहेबांनी बाटली खिडकीत धरली. वरच्या भागातून उजेड आरपार येत होता, तळाशी बोटभर थर होता. सगळं औषध तिथे बसलं होतं. डोस दुप्पट झाला असता, तर तो थर दुप्पट मापाने पोरीच्या पोटात गेला असता. केशव यांनी पालथी चिठ्ठी उचलली आणि स्वतःच फाडली.

हलवून घ्या, असं लेबलवर छापलेलं होतं, इंग्रजीत. तोंडाने कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर ओढून आपल्या हाताने लिहिलं: ‘आठ बाटल्या दिल्या. हलवायला सांगितलं नाही. चूक माझी.’ मग ते मागची पानं चाळत गेले आणि मार्चमधल्या एका ओळीवर बोट ठेवून थांबले. शेवटच्या रकान्यात माझंच अक्षर होतं: ‘नवी बाटली बाधते.’ तीन महिन्यांपूर्वी मी ते उतरवलं होतं, टिपकागदाने टिपलं होतं. वाचलं मात्र नव्हतं.

नवी बाटली भागीरथेने तिथेच हलवली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा हलवली. गुलाबी रंग तळापासून बुचापर्यंत सारखा झाला, तेव्हाच ती उठली.

इंदू सव्वीस तारखेला शाळेत गेली. ऑगस्टमध्ये भागीरथा पुढची बाटली न्यायला आली, तेव्हा मी तिला तो कागद दाखवला. खाली तीन ओळी वाढल्या होत्या.

“इथं तं तू काहीच नाई लिहिलं,” ती म्हणाली.

लिहिण्यासारखं काही झालंच नाही, असं मी सांगितलं. तिने कागद जवळ ओढला आणि शेवटच्या ओळीच्या रिकाम्या चौकटींवरून बोट सावकाश पुढे नेलं, पार विसाव्या दिवसापर्यंत.