कुपीतलं पाणी

मोताळ्याच्या स्टँडवर सहदेव मोटरसायकल घेऊन उभे होते. धम्मशीला मागे बसली आणि दोघं शेतातल्या घरी आले. सहदेवांची मुलगी पायल आणि धम्मशीला गोव्यात एकाच प्रयोगशाळेत होत्या. समुद्राच्या गाळातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव वेगळे करायचे आणि अंगावरचे खंड, काटे पाहून त्यांची प्रजाती ठरवायची, हे त्यांचं काम. पावसाळ्यात पायल डेंग्यूने गेली. पुण्याला जाण्यासाठी भरलेली तिची बॅग तशीच घरी आली.

"जय भीम, मावशी."

"ये माय, बस." पायलच्या आईने, कलाबाईंनी, चहा ठेवला.

"समुद्रातले किडे धुंडाले गेली," सहदेव म्हणाले, "अन् शाळेत असताना सोताच्या डोक्यातली ऊ सापडे ना तिले."

कलाबाई हसल्या. हसता हसताच त्यांनी पदर तोंडाशी नेला.

धम्मशीलाने येण्याचं कारण सांगितलं. पायलच्या बॅगेत बोटाएवढी काचेची कुपी होती. तिच्यातला जीव आजवर कोणी नोंदवलेला नव्हता. पायल तो पुण्याच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली नेणार होती. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही अशी रीत आहे, पण आता प्रयोगशाळेतले सर त्याला पायलचं नाव देणार होते. त्यासाठी नमुना हवा. गोव्यातल्या एका खाडीत एवढा एकच मिळाला होता. पुढे बोटींच्या धक्क्यासाठी ती खाडी उपसली गेली.

"म्हंजे तिचं नाव पुस्तकात राहीन?" कलाबाईंनी विचारलं.

"कायमचं, मावशी."

कलाबाई लगबगीने उठल्या आणि फळीवरून कुपी घेऊन आल्या. काच लख्ख होती. आत काही नव्हतं.

"धुऊन ठेवली म्या. आतलं पाणी पोरीसंग देल्लं. समुद्राचं होतं ना, तिच्या आवडीचं."

पायलच्या अस्थी नदीत सोडल्या नव्हत्या. बांधावर खड्डा करून त्यात ठेवल्या आणि वर जांभळाचं रोप लावलं. कुपी तेव्हाच त्या खड्ड्यात रिकामी झाली होती.

धम्मशीलाने कुपी उजेडाकडे धरून पाहिली. कलाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"त्याच्यातच होता का तो?"

"हो, मावशी."

"मले तं काहीच दिसलं नाही वं."

कोणी काही बोलायच्या आत त्या खुरपं आणि घमेलं घेऊन बांधावर गेल्या आणि रोपाच्या बुडाची माती उकरून घमेल्यात घेऊ लागल्या. काळ्या मातीत राखेचे करडे पट्टे निघाले.

"अवो, पोरगी हाये त्याच्यात," सहदेव म्हणाले.

"म्हनूनच हिले माती घेऊन जाऊ द्या. चिखलातूनच काढतेत ना हे लोकं?" त्या धम्मशीलाकडे वळल्या. "कसं काढता वं तुम्ही?"

एवढ्या पावसानंतर काही मिळणार नाही, हे धम्मशीलाला माहीत होतं. तरी तिने विचारलं तेवढंच सांगितलं. "बारीक जाळीवर माती धुतो. जीव वर राहतो."

"अन् माती?"

"पाण्यासोबत जाते."

"कुठी?"

"नळाखाली धुतो, मावशी. मोरीत."

कलाबाईंचं खुरपं थांबलं. घमेल्यातल्या मातीवर त्यांनी हात ठेवला. मग त्यांनी घमेलं खड्ड्यात रिकामं केलं आणि तळव्याने माती दाबत राहिल्या.

"राहू दे, बाई," त्या म्हणाल्या. "ते नावाचं राहू दे."