धांदलची पत्ती

ओबो शिकवते असं सांगितलं की लोक आधी नुसतं "अच्छा" म्हणतात आणि जरा थांबून "म्हणजे नक्की काय?" असं विचारतात. माझी ताई गेली तीस वर्षं त्याला पिपाणी म्हणते आणि मी गेली तीस वर्षं चिडते. काळं, लाकडी, हातभर लांब वाद्य, आणि तोंडात धरायला वर एक इवलीशी पत्ती. ही पत्ती म्हणजे बोरूच्या दोन पातळ पात्या, दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या. सगळा खेळ तिचा आहे. ती जमली तर तुम्ही कलावंत, ती बिघडली तर मान मुरगळलेलं बदक. बरं, आयती विकत आणूनही भागत नाही. ज्याच्या त्याच्या ओठांना मानवेल अशी चाकूने तासावी लागते, आणि एवढे लाड करूनही आठ-दहा दिवसांत बाईसाहेब दमतात. मग पुन्हा नवी.

विद्यापीठाच्या संगीत विभागात माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला, स्वच्छतागृहाला लागून. शेजारच्या खोलीत फ्लूटचे सर. त्यांच्या दाराशी पोरांची ही गर्दी, आणि माझ्याकडे एकच विद्यार्थिनी. तिचं नाव मी पहिल्याच दिवशी धांदल ठेवलं. एका बुटाची नाडी सुटलेली, पिशवीतून कागद लोंबताहेत आणि तोंडाने "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" चालू, अशी ती दर गुरुवारी आत येऊन आदळायची. नाव विभागभर पसरलं आणि तिनेही ते हसत चालवून घेतलं.

पण सूर लावला की पोरगी शांत व्हायची. इतर वाद्यांत श्वास पुरत नाही म्हणून लोक रडतात, ओबोत तो उरतो म्हणून रडतात. पत्तीचं तोंड इतकं बारीक की हवा आत जातच नाही. ती छातीत साठून राहते आणि वाजवणारा भरल्या छातीने गुदमरतो. म्हणून आधी शिळा श्वास बाहेर टाकायचा आणि मगच ताजा घ्यायचा. एवढी एक गोष्ट तिच्या अंगवळणी पडायला वर्ष गेलं. दर गुरुवारी ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.

पत्ती करायला मात्र ती शिकलीच नाही. मी शिकवायला बसले की बोट कापून घ्यायची, दोरा गुंतवायची, आणि शेवटी असा चेहरा करायची की मीच म्हणायचे, "आण इकडे." मग रविवारी दुपारी घरी खिडकीशी बसून मी तिच्या पत्त्या तासायचे. माझे ओठ कडक, तिचे सैल, म्हणून तिच्यासाठी टोक जरा जास्त पातळ करायचं. खरं सांगायचं तर रविवारी मला दुसरं काही काम नव्हतंच. लग्न मी केलं नाही, ताई दूर राहते, आणि इमारतीतले लोक मला ओळखतात ते वरच्या मजल्यावरचा त्रास म्हणून. रविवार सकाळपासूनच अंगावर यायचा. त्या पत्त्या होत्या म्हणून तो सरायचा.

या वर्षी परीक्षांच्या आधी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. ते पियानो वाजवतात आणि वाईट बातमी फार हळू आवाजात सांगतात. "मॅडम, पुढच्या वर्षासाठी ओबोला एकही अर्ज नाही. तुमची ती मुलगी एम.ए.ला थांबली तर वर्ग चालू ठेवू. नाहीतर खोली तालवाद्यांना द्यावी लागेल. तुम्ही थिअरी घ्या." थिअरीच्या वर्गात पोरं खच्चून भरलेली असतात आणि त्यांतलं एकही माझ्याकडे बघत नाही. पण मी निर्धास्त होते. धांदल थांबणार हे आमच्यात ठरल्यासारखंच होतं.

पुढच्या गुरुवारी ती हळूच दार वाजवून आत आली. दोन्ही नाड्या बांधलेल्या.

"मॅडम, एका ऑर्केस्ट्रात दुसऱ्या ओबोची जागा निघालीये. लांब आहे खूप. जाऊ का वाजवून दाखवायला?"

"आणि एम.ए.?"

"तुम्ही थांब म्हणालात तर थांबते ना. खरंच. मला इथेही आवडतंच."

'थांब' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण माझा स्वभाव आडमुठा, मला कुणाला थांब म्हणता येत नाही. मी म्हटलं, "तिथे तुला पत्त्या कोण करून देणार? मी?" आणि वर अट घातली, "पुढच्या गुरुवारी स्वतः केलेल्या पत्तीवर वाजवून दाखव. जमलं तर जा, नाही जमलं तर राहा."

न्यायाधीशाच्या थाटात बोलले खरी, पण तिला ते सात जन्मांत जमायचं नाही याची मला खात्री होती. संध्याकाळी ताईला फोन करून सगळं सांगितलं.

"सरळ थांब म्हण की तिला," ताई म्हणाली.

"मी कशाला म्हणू? ती आपणहून थांबेल."

"आपणहून कसली? तू तिला नापास करून ठेवून घेणार आहेस."

"तुला पिपाणीतलं काय कळतं?" असं म्हणून मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

गुरुवारी धांदल आली ती तीन बोटांना पट्ट्या लावून. डबीतून तिने पत्ती काढली. दोरा जांभळा, वेडावाकडा गुंडाळलेला. मला हसू आलं, आणि जरा हायसंही वाटलं. तिने पत्ती पाण्यात भिजवली आणि आधी नुसतीच फुंकली. नुसती पत्ती कावळ्यासारखी ओरडली तर ती खरी, असं आमच्यात मानतात. ती अशी खणखणीत ओरडली की माझं हसू जागच्या जागी विरलं.

मग तिने ओबोला पत्ती लावली आणि तिची नेहमीची संथ चीज वाजवली. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जाडसर, किंचित घोगरा, पण पोटातून आलेला. इतकी वर्षं माझ्या पत्त्यांवर ती माझ्यासारखी वाजत होती आणि मी त्याला तिची प्रगती म्हणत होते. वरचा एक सूर मात्र अडकला. ती थांबली आणि सवयीने पत्ती माझ्यापुढे धरली.

"वर अडकतेय. जरा हात फिरवा ना, मॅडम."

शेवटचा हात नेहमी माझाच असायचा. मी चाकू घेतला, पत्ती उजेडात धरली. टोकावर दोनदा हलकेच फिरवला असता तर वरचा सूर सुटला असता आणि बाकीचा आवाज पुन्हा गोड, पातळ, माझा झाला असता. केसभर जास्त दाबला असता तर पत्तीच गेली असती. तिला संशयही आला नसता. पत्त्या अशा जातातच. पलीकडे फ्लूटची पोरं सप्तक चढत होती, उतरत होती. धांदल अगदी विश्वासाने माझ्या हातांकडे बघत होती. मला तिचा राग आला. जायचं तर जा ना, माझ्या हातात कशाला देतेस!

मी चाकू खाली ठेवला.

"अडकतोय तर अडकू दे. दोन दिवस वाजव, सुटेल. हिला माझा हात लावायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जा."

ती रडायला लागली. "रडू नकोस, ओठ सुजतील," असं मी तिच्यावर खेकसले आणि खिडकी उघडायला म्हणून तिच्याकडे पाठ केली.

तिला जागा मिळाली. फोनवर इतकी किंचाळली की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. मला खूप आनंद झाला आणि फार वाईट वाटलं. परीक्षा संपताच ती गेली. जाताना एक मोजा माझ्या खोलीत विसरली. असं कोण करतं?

खोली रिकामी करून द्यायच्या आठवड्यात मी गुरुवारी तिच्या वेळेला तिथे जाऊन बसले. कोपऱ्यात दोन ढोल आधीच येऊन पडले होते. त्या रविवारीही मी खिडकीशी बसून पत्त्या तासल्या होत्या. आता निदान स्वतःसाठी वाजवू, असा विचार होता. एक भिजवली, ओबोला लावली, फुंकली. माझ्या ओठांत तिने तोंडच मिटून घेतलं. दुसरी तशीच, तिसरी तशीच. उजेडात धरून पाहिलं, तर सगळ्यांची टोकं नको इतकी पातळ. सगळ्या धांदलच्या होत्या. माझ्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

फेकून देणार होते. मग काय वाटलं कोण जाणे, मी ओठ तिच्यासारखे सैल सोडले, हनुवटी तिच्यासारखी खाली घेतली, आधी श्वास सगळा बाहेर टाकला आणि मग नवा घेतला. पत्ती बोलली. मी तिची ती संथ चीज सुरुवातीपासून वाजवली. ती घाई करायची तिथे मीही थोडी घाई केली. डोळे मिटले की खोलीत ती होती.

शेजारचे फ्लूट थांबले. दार धाडकन उघडलं आणि फ्लूटचे सर हसतमुखाने आत डोकावले.

"अरे वा, धांदल आली वाटतं?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ढोल पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो," मी म्हटलं, "मीच आहे."