पंधरा जास्तीच्या माद्या

धाकट्या जावेला नोकरीला चिकटवलं ते थोरलीनेच, आणि वर्षाच्या आत तीच थोरलीच्या डोळ्यांत सलायला लागली. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

काम होतं गांधीलमाश्या वाढवण्याचं. घाबरू नका, या माणसाला चावत नाहीत. टाचणीच्या टोकाएवढ्या असतात. पीक खाणाऱ्या पतंगाच्या अंड्यात ही माशी आपलं अंडं घालते, तिची अळी पतंगाचं अंडं आतून फस्त करते आणि पीक वाचतं. पण हे सगळं मादीने करायचं. नर मेला नुसता हिंडतो, जोडी जमवतो आणि मरतो. म्हणून बरणीतून माद्या किती निघाल्या, यावरच इथे बाईची किंमत ठरायची.

बारा वर्षं तो मान थोरलीचा होता. दहात सात माद्या ठरलेल्या. धाकटीच्या निघायला लागल्या आठ! त्या एकीने थोरलीची झोप उडवली. घरी सासूबाई म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो." इथे प्रयोगशाळेच्या मॅडमही तेच. मग थोरलीच्या हाताला काय, खरूज होती?

त्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. मॅडम म्हणाल्या, "दोघींनी एकेक बरणी लावा. जिच्या दहात माद्या जास्त, तिच्याकडे विभागाची किल्ली."

आता, गांधीलमाशीला पोरगी व्हायची की पोरगा, हे आईच ठरवते. नराचं बीज लावून अंडं घातलं तर मुलगी, न लावता घातलं तर मुलगा. एकटीदुकटी असली की ती मुलीच घालते, वर एखाददुसरा मुलगा, मुलींच्या जोडीला पुरेल इतका. पण भोवती परक्या माद्यांची गर्दी झाली की बाईसाहेबांचा बेत बदलतो. दुसरीच्या मुली आयत्याच आहेत, तिथे आपले मुलगे खपतील! म्हणून पतंगाच्या अंड्यांच्या बरणीत माद्या सोडायच्या त्या चारच, मोजून.

बरण्या लावल्या त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, थोरली आत शिरली. लाल दोऱ्याची बरणी तिची, निळ्या दोऱ्याची धाकटीची. तिने निळा दोरा सोडला, फडकं जरा उचललं आणि पंधरा माद्या आत सोडल्या.  खोटं कशाला बोला, बरं वाटत होतं.

दहाव्या दिवशी मॅडमनी भिंगाखाली मोजणी केली. लाल बरणी, दहात सात. निळी बरणी, दहात चार.

"हे काय गं?" मॅडमनी धाकटीला विचारलं.

"माझंच चुकलं," धाकटी म्हणाली. "माद्या जास्त सुटल्या. गर्दी झाली."

मॅडमनी किल्ली थोरलीच्या हातात ठेवली.

बाहेर आल्यावर धाकटीने कागदाची एक पुडी पुढे केली. सहाव्या दिवशी बरणीतल्या मेलेल्या आया ब्रशने झाडून मोजायची तिची सवय होती. पुडीत एकोणीस काळे ठिपके होते.

"ताई, मी चारच सोडल्या होत्या. कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही. पण तुम्हाला जागा एवढी हवी होती, तर मला सांगायचं. मी बरणी लावलीच नसती."

त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर थोरलीला परवडलं असतं. लाज वाटली, पण त्याआधी ती पेटलीच. लावलीच नसती म्हणे! म्हणजे हातही हिचाच चांगला आणि मनही हिचंच? जन्मभर ती किल्ली हातात धरायची आणि दर वेळी ही एकोणीस मढी आठवायची? छे!

ती तरातरा मॅडमकडे गेली आणि पुडी टेबलावर उलटी केली.

"यातल्या पंधरा मी सोडल्यात. हिने चारच. घ्या ही किल्ली."

 मॅडमनी किल्ली मागोमाग आलेल्या धाकटीकडे सरकवली.

धाकटीला रडूच फुटलं. "ताई, केवढं मोठं मन तुमचं!"

"मन मोठं कसलं, डोंबलाचं! जळते मी तुझ्यावर," थोरली म्हणाली. "आणि जळायचंच तर तुझ्या हाताखाली जळेन, पण तुझ्या उपकाराखाली नाही."

मग तिने नवी बरणी घेतली, लाल दोरा घेतला आणि चार माद्या मोजायला बसली.