आधी कारभारी

“आधी कारभारी,” होडीवाला म्हणाला आणि त्याने हात आडवा धरला. “ताई, तुमचा राजकुमार जरा मागे घ्या. त्याला घाई असेल, पण या होडीत पहिलं पाऊल कारभाऱ्याचंच पडतं.”

राजकुमार म्हणजे वासराएवढा तपकिरी कुत्रा. मालकिणीला फरफटत तो धक्क्याच्या टोकापर्यंत आला होता, आणि फळी दिसताच त्याचा सगळा रुबाब उतरला होता. धक्का आणि होडी यांच्यामध्ये टाकलेली ती अरुंद लाकडी फळी पाहिली की भल्याभल्यांची हीच गत व्हायची. खाली पाणी खळखळतंय, समोर होडी वरखाली होतेय. कितीही बड्या घरचा कुत्रा असो, तो चारही पाय रोवून बसायचा. मग मालक बिस्किटं दाखवायचे, लाडीगोडी लावायचे, शेवटी चिडायचे. कुत्रा ढिम्म.

तेव्हा कारभारी उठायचा. करडा रंग, एक कान फाटलेला, आणि जात विचाराल तर सगळ्या जातींची थोडी थोडी उसनवारी. तो अंग झाडायचा, कोणाकडेही न बघता फळीवर चढायचा आणि सावकाश चालत होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसायचा. त्याच्या शेपटीमागून बाकीची सगळी वरात मुकाट्याने आत. आजही तसंच झालं. राजकुमार तर असा निघाला की जणू कल्पना त्याचीच होती.

“काका, त्याला नीट दिसत नाही का हो?” आत बसता बसता राजकुमाराच्या मालकिणीने विचारलं. “माझ्याकडे बघतच नाही तो.”

“दिसतं की. मुद्दाम बघत नाही. पदाचा माज आहे त्याला.”

सगळे हसले. होडीवाल्याने दोर सोडला आणि वेळ मारून नेली.

गाव समुद्रकाठचं, पाहुण्यांच्या जिवावर जगणारं. हल्ली लोक पोरांना घरी ठेवून कुत्री घेऊन सुट्टीला यायला लागले आहेत, असं होडीवाल्याच्या बायकोचं स्पष्ट मत होतं. हॉटेलने वारं ओळखलं आणि दारावर पाटी लावली: कुत्र्यांसह स्वागत. सकाळी वाळूवर पळापळ, दुपारी सावलीतल्या नळाखाली गोड्या पाण्याने आंघोळ, संध्याकाळी होडीतून समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर सफर. तिथे साखळ्या सोडायच्या आणि कुत्र्यांना मनसोक्त हुंदडू द्यायचं. आंघोळीचं काम बायकोकडे, सफरीचं नवऱ्याकडे. दुकानांच्या पायऱ्यांवरसुद्धा पाण्याची भांडी आली. मात्र गावची कुत्री त्या भांड्यांना तोंड लावायला आली, की त्यांच्या पाठीत काठी बसायची. पाहुण्यांच्या कुत्र्यांना पायघड्या आणि घरच्यांना दंडुका.

कारभारीही त्या दंडुक्यातूनच आलेला. पिल्लू असताना एका सकाळी तो होडीतल्या जाळ्याखाली दडून बसलेला सापडला, आणि त्यानंतर उतरलाच नाही. जाळी गेली, मासे गेले, पाहुणे आले, कारभारी तिथेच. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. एका संध्याकाळी पाहुण्यांची कुत्री फळीशी अडली, हा कंटाळून एकटाच चढला आणि मागून ती चढली. त्या दिवसापासून होडीवाल्याचं पोट त्याच्या शेपटीला बांधलं गेलं.

पण आता कारभाऱ्याला दिसत नव्हतं. थोडं नाही, अजिबातच नाही. डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला होता.

हे आधी कळलं बायकोला. तिने बादली दारातून हलवून कोपऱ्यात ठेवली आणि कारभारी तिच्यावर जाऊन आदळला. तिने बादली परत दारात ठेवली. तेव्हापासून त्यांच्या एका खोलीच्या घरात एकही वस्तू हलत नव्हती. स्टूल जिथे होतं तिथेच, चपला एकाच जागी. होडीवाला अंधारात चपला शोधत चाचपडायचा तेव्हा ती म्हणायची, “त्याला बरोबर सापडतात, तुम्हालाच सापडत नाहीत.”

फळीवर मात्र कारभाऱ्याला डोळे लागत नव्हते. त्या जुन्या फळीवर पाय घसरू नयेत म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. पंजाला पट्टी लागली की पुढचं पाऊल, पुन्हा पट्टी, पुन्हा पाऊल. पट्ट्या संपल्या की होडी. ती फळी त्याच्या पंजांना तोंडपाठ होती.

“आता त्याला घरी बसू दे,” त्या संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली. कारभारी तिच्या पायाशी आपल्या कांबळ्यावर पसरला होता. “किती दिवस लपवणार? हॉटेलच्या मॅनेजरला सांगून टाका.”

“सांगू आणि काय करू? तो टपूनच बसलाय. शेजारच्या गावातली मोटरबोट आणायची म्हणतो. कुत्रा आंधळा आणि नावाडी म्हातारा म्हटल्यावर त्याला निमित्तच मिळेल.”

“आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं ऐकलं होतं. आपल्याकडे आंधळं कुत्रंच दळतंय आणि आपण खातोय.”

तो हसला, पण ते त्याला लागलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” तो म्हणाला. “एवढा सीझन जाऊ दे. मग बसू दोघंही घरी.”

कारभाऱ्याने झोपेतच पाय हलवले. बायकोने हात खाली नेऊन त्याच्या फाटक्या कानामागे खाजवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर होडीवाला धक्क्यावर आला तर त्याची फळी जागेवर नव्हती.

तिच्या जागी नवी होती. रुंद, चकचकीत, वर काळं रबर, आणि रबरावर सगळीकडे सारखेच बारीक उंचवटे. एका बाजूला पांढऱ्या दोराचा कठडा होता. दुसरी बाजू मोकळी.

“कशी वाटली, काका?” मॅनेजर म्हणाला. हा माणूस एरवी ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायचा, पण आज खास उन्हात उतरला होता. “पुढच्या महिन्यात येणार होती, लवकरच आली. जुनी फारच गबाळी दिसत होती हो.”

“या बाजूला कठडा नाही का, साहेब?”

“मुद्दामच नाही. त्या बाजूने फोटो काढतात. दोर मध्ये येतो.”

पाहुणे जमले होते. राजकुमाराची मालकीण होती, एक म्हातारं जोडपं त्यांच्या पांढऱ्या झिपऱ्या कुत्रीसह होतं, आणखीही काही जण. एक दिवस मिळाला असता तर पहाटे येऊन होडीवाल्याने कारभाऱ्याकडून चार फेऱ्या मारून घेतल्या असत्या. निदान जुनी फळी कुठे टाकली एवढं विचारावं, म्हणून त्याने तोंड उघडलं.

“काही अडचण आहे का, काका?” मॅनेजरने विचारलं. सगळ्यांच्या देखत, आणि अगदी चांगल्या मनाने.

त्या वेळी खरं बोलायला एक श्वास पुरला असता. माझ्या कुत्र्याला दिसत नाही, एवढंच वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण इतकी वर्षं ज्या धक्क्यावर तो ‘आधी कारभारी’ म्हणून हात आडवा धरत आला होता, त्याच धक्क्यावर, इतक्या माणसांसमोर ते म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

“अडचण कसली?” तो म्हणाला. “कारभारी, चल.”

कारभारी उठला. अंग झाडलं. नेहमीसारखा पुढे आला आणि त्याने पंजा टाकला. रबर लागलं तसा पंजा मागे घेतला. नाक खाली घालून हुंगलं. नव्या रबराचा उग्र वास सोडून तिथे काही नव्हतं. त्याने मान वळवून होडीवाल्याच्या आवाजाकडे तोंड केलं आणि तो थांबला. इतक्या वर्षांत तो फळीशी पहिल्यांदाच थांबला होता.

पलीकडे नळापाशी बायको होती. तिच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

“अहो,” ती तिथूनच ओरडली, “उचलून घ्या त्याला.”

त्याने ते ऐकलं. ऐकलं नाही असं तो पुढे कधीच म्हणाला नाही. त्याला एवढंच दिसत होतं, की मॅनेजर आता कारभाऱ्याच्या डोळ्यांकडे निरखून बघतोय.

“चल रे,” तो म्हणाला. “मी आहे ना.”

कारभाऱ्याने त्याचं ऐकलं. दोन पावलं त्याने नीट टाकली. पुढचं पाऊल पट्टी शोधत राहिलं आणि पट्टी नव्हती, म्हणून ते बाजूला सरकलं. मोकळ्या बाजूला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. धक्का आणि होडी यांच्या मधल्या पाण्यात तो पडला, लगेच वरही आला. होडीवाला पोटावर आडवा होऊन हात घालत होता, त्याच्या बोटांना तो फाटका कान लागलासुद्धा. पण मागून लाट आली आणि तिने होडी धक्क्याकडे लोटली.

त्या दिवशी सफर झाली नाही. मॅनेजरने पाहुण्यांना सरबत दिलं. बायकोने नळाखाली कारभाऱ्याला आंघोळ घातली, पाहुण्यांच्या कुत्र्यांना घालायची तशीच, पोटाखालून आणि पंजांच्या मधून, मग टॉवेलने कोरडं केलं. नवऱ्याशी ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं, आणि तेवढ्यासाठीच ती बोलली नाही. गावाच्या टोकाला, वाळू संपून माती लागते तिथे दोघांनी मिळून खड्डा खणला. घरी आल्यावर होडीवाल्याने सवयीने दारातल्या बादलीला वळसा घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुत्री फळीशी आली आणि बसली.

राजकुमार बसला, पांढरी झिपरी बसली, बाकीचीही बसली. बिस्किटं निघाली. साखळ्या ताणल्या गेल्या. झिपरीला तिच्या म्हाताऱ्या मालकाने उचलायचा प्रयत्न केला तर ती त्याला चावायला धावली.

“मग रद्द का आजही?” कोणीतरी विचारलं.

मॅनेजरने होडीवाल्याकडे पाहिलं. “काका, मी काल तुम्हाला काही बोललो नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण सीझन नुकताच सुरू झालाय. मोटरबोटवाल्याला फोन करू का?”

होडीवाल्याने चपला काढल्या. फळीच्या तोंडाशी तो वाकला, हात टेकले, गुडघे टेकले आणि चार पायांवर निघाला.

आधी कोणाला कळलंच नाही. मग हसू फुटलं. फोन वर झाले, मोकळ्या बाजूने फोटो छान येत होते. रबराचे उंचवटे गुडघ्यांत रुतत होते. मध्यावर पोचल्यावर त्याने डोळे मिटले. तळहाताखाली सगळीकडे सारखेच उंचवटे होते. फळी कुठे आहे आणि कुठे संपते, हे सांगणारं काहीही नव्हतं. आपण त्या जिवाला कुठे जायला सांगितलं होतं, हे त्याला त्या वेळी कळलं. डोळे उघडून तो होडीत उतरला आणि पुढच्या टोकाला जाऊन बसला. मागे वळून पाहिलं तर राजकुमार फळीवर पाय टाकत होता.

“काका, कमाल केलीत,” परतल्यावर मॅनेजर म्हणाला. “रोज असंच करा. लोकांना आवडलं.” आठवड्याभरात होडीवाल्याचा तो फोटो हॉटेलच्या दारातल्या पाटीशेजारी लागला.

एका दुपारी तो घरी आला तर बायको त्याची कामाची पँट मांडीवर घेऊन शिवत होती. गुडघ्यांवर ती पार विरली होती. तिने दोन जाड ठिगळं लावली होती, दोरा दातांनी तोडून पँट त्याच्यापुढे टाकली.

त्याने ठिगळावरून बोट फिरवलं. लोकरीत करडे केस अडकलेले होते.

“कांबळं कापलंस?”

“ठेवून काय करू? त्याला थोडंच लागणार आहे आता?” ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होती. मग तिने तोंड फिरवलं. “गुडघे सोलून घेऊन येता रोज. बघवत नाही.”

त्या संध्याकाळी तो फळीवर ओणवा झाला तेव्हा झिपरी पुढे आली. तिने त्याचा गुडघा हुंगला, पुन्हा हुंगला, आणि निमूट मागे चालायला लागली. तिच्यानंतर आणखी एक आला, त्यानेही तसंच केलं. नवे पाहुणे यायचे, नवी कुत्री यायची, कारभाऱ्याला कधी न पाहिलेली. ती सगळी त्या ठिगळांशी क्षणभर थांबायची. होडीवालाही थांबायचा. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणायचा, “आधी कारभारी.” दिवसभरात तेवढ्याच एका वेळेला त्याच्या छातीवरचं ओझं जरा हलायचं. बायको ती पँट धूत नसे. पण समुद्राच्या पाण्याला कोण अडवणार? पट्ट्यावर उतरताना ते रोज गुडघ्यांपर्यंत यायचं आणि थोडा वास घेऊन जायचं.

सीझन संपत आला तशी एक संध्याकाळ आली. होडीवाला फळीवर उतरला, मध्यापर्यंत गेला आणि थांबला. मागून एक काळा कुत्रा आला, त्याच्या अंगाला घासून, न थांबता पुढे गेला आणि होडीत चढला. मग दुसरा गेला, तिसरा गेला. रबरात आता इतक्या कुत्र्यांचा वास मुरला होता, की त्यांना बिचकायचं कारणच राहिलं नव्हतं. ठिगळांकडे कोणी नाकही नेलं नाही. पुढे कोणी जाण्याची गरज उरली नव्हती.

“चढली का सगळी, काका?” धक्क्यावरून मॅनेजरने विचारलं.

होडीवाला अजून हातांवर आणि गुडघ्यांवरच होता. त्याने होडीकडे पाहिलं. पुढच्या टोकाला काळा कुत्रा ऐटीत बसला होता.

“हो,” तो म्हणाला. “चढली सगळी.”

आणि एका हाताने पांढरा दोर धरून तो उठायला लागला.