शाल्मलीची मुदत

ताईच्या नावाची मुदत मंगळवारी संपली आणि बुधवारपासून तिच्या खोलीकडे जाणारा रस्ता पोहोचेनासा झाला. आई नि मी चालत राहायचो, रस्ता पायाखालून मागे सरकत राहायचा.

लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, अवनी. मग शाल्मली या नावाची मुदत कुणी वाढवलीच नाही. आम्हाला वाटलं, सासरचे वाढवतील. त्यांना वाटलं, आता कशाला लागतंय?

नव्या नावाने गेलं की सासरच्या ओसरीवर पोहोचता येई. तिथे अवनी चहा आणून द्यायची आणि आईला ‘तुम्ही’ म्हणायची. आईने कप तसाच ठेवला.

नावांच्या कचेरीत खिडकीवर पेडणेकरबाई होत्या. त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. खोली कुठे गेलेली नाही. प्रत्येक खोलीला आकडे असतात, पण ते माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून नाव. पुऱ्या नावात मधे एक टिंब असतं, टिंबाच्या पुढचं ते गाव, टिंबाच्या आधीचं ते घर. नाव कायमचं कुणालाच मिळत नाही. मुदत सरली की काही दिवस ते उंबऱ्यावर वाट बघतं, मग मागेल त्याचं.

“ते दिवस तुम्ही चहा पिण्यात घालवलेत,” त्या म्हणाल्या. “काल कुणीतरी घेतलं. वापरणार नाहीत, नुसतं कुलपात ठेवतील.”

आईचा चेहरा बघून त्यांनी हळूच खोलीचे आकडे सांगितले.

“पोटच्या पोरीला आकड्यांनी हाक मारू?” आईने वाटेत मला विचारलं. पण मग ताईला निजवायची त्या चालीवर तिने आकडे म्हणायला घेतले. एकेका आकड्याला रस्ता थोडा थोडा थांबत गेला. शेवटच्या आकड्याशी दार उभं होतं.

ताईने ते अर्धवट उघडलं. केस मोकळे, पाय अनवाणी, लग्नाआधी असायची तशीच.

“कोण पाहिजे?”

“अगं, मी आई.”

“कुणाची?”

आईने शाल्मलीचं नाव घेतलं. ताईची पापणीही हलली नाही. खूप लांबून, कुठल्याशा बंद दाराआडून कुणीतरी ओ दिली.